पायात काच घुसली, पण कळलंच नाही: कर्जत-खालापुरात मधुमेहाच्या रुग्णाची शुश्रूषा कशी करायची?

जुलै महिना. पाऊस लागलेला. कर्जत किंवा खालापूर तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या, शेतात चिखलणी झालेली असते आणि लावणीला माणसं वाकलेली असतात. संध्याकाळी एक काका घरी येऊन ओट्यावर पाय धुतात. पाणी लालसर होतं. सून बघते तर तळव्यात काचेचा तुकडा. "कधी लागलं?" काकांना माहीत नाही. दुखलंच नाही.

हे काका काल्पनिक आहेत, पण त्यांच्यासारखा रुग्ण इथल्या कुठल्याही आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला नवा नाही. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. आधी मुंग्या, जळजळ, मग काहीच नाही. आणि हे 'काहीच नाही' सगळ्यात घातक असतं. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरतो. रक्तपुरवठा कमी असला आणि साखर चढलेली असली की जखम भरत नाही. काही रुग्णांचं प्रकरण बोट किंवा पाय कापण्यापर्यंत जातं.

यात डॉक्टर काय करतात? गोळ्या किंवा इन्सुलिन लिहून देतात, तपासण्या सांगतात. ओपीडीत एका रुग्णाला मिळतात जेमतेम पाच मिनिटं. पाय बघणं, इन्सुलिन टोचायला शिकवणं, साखर उतरली तर काय करायचं हे सांगणं आणि पुढच्या महिन्यात रुग्ण का आला नाही याची चौकशी करणं, ही सगळी कामं शुश्रूषेत येतात. मधुमेहात पाय वाचतो की जातो, हे बऱ्याचदा याच कामांवर ठरतं.

हे काम इथे कोण करतं?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमधलं प्रमाण ११.४ टक्के. शहरात १६.४ आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के. म्हणजे हा फक्त शहरातल्या, बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे, हा समज आता सोडायला हवा.

गावात पहिली गाठ पडते ती आशाताईंशी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक फॉर्म त्या भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि घरात कुणाला मधुमेह किंवा बीपी आहे का, हे त्यात विचारतात. त्यानंतर उपकेंद्र, म्हणजे आताचं 'आयुष्मान आरोग्य मंदिर'. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी (सगळे 'सीएचओ'च म्हणतात) आणि आरोग्यसेविका बोटातून रक्त घेऊन साखर बघतात. पुढची पायरी कळंब, नेरळ, लोहोप यांसारखी प्राथमिक आरोग्य केंद्रं, आणि त्यापुढे कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय किंवा चौकचं ग्रामीण रुग्णालय. जिल्हा रुग्णालय अलिबागला, पण कर्जतच्या माणसाला अलिबागपेक्षा कल्याण आणि पनवेल जवळचं वाटतं, त्यामुळे मोठं काही झालं की लोक ट्रेन पकडतात किंवा गाडी करून तिकडेच जातात.

उरलेला वेळ, म्हणजे महिन्यातले एकोणतीस दिवस, शुश्रूषा घरातलेच करतात. म्हणून पुढचं सगळं जितकं सिस्टरसाठी आहे, तितकंच सुनेसाठी, मुलासाठी आणि नवऱ्यासाठीही आहे.

पाय: रोज दोन मिनिटं

दवाखान्यात पायाची संवेदना बघायला नायलॉनचा एक जाड दोरा असतो. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि रुग्णाला कळतंय का ते विचारायचं. पण तो नसेल तरी अडत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविच शहराच्या नावाने ओळखली जाणारी एक चाचणी आहे, तिला फक्त बोट लागतं. रुग्णाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा ठिकाणी आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, गुदगुल्या करू नका. "काका, कुठल्या पायाला हात लागला?" सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय धोक्याचा समजायचा आणि तसं आरोग्य केंद्रात सांगायचं.

मग रोजचं काम. पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पावसाळ्यात बेचक्यांत बुरशी होते आणि तिथूनच जंतू शिरतात. तळवा स्वतःला दिसत नसेल तर खाली आरसा धरा किंवा घरातल्या कुणाला बघायला सांगा. नखं सरळ कापा, कडा खोल कोरू नका. कुरूप ब्लेडने काढू नका. थंडीत पाय शेकायला शेगडीजवळ किंवा गरम पाण्यात ठेवू नका. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. आंघोळीचं पाणी दुसऱ्याने हात घालून बघावं.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला विचित्र वाटते: उंदीर. जमिनीवर झोपणाऱ्या, पाय बधिर झालेल्या माणसाला रात्री उंदीर कुरतडतो आणि त्याला जागही येत नाही. असे रुग्ण भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. पाय चादरीत नीट गुंडाळून, शक्य असेल तर खाटेवर आणि मच्छरदाणी खोचून झोपायचं.

आता अवघड प्रश्न. 'अनवाणी चालू नका' असं प्रत्येक पत्रकात छापलेलं असतं. पण लावणी चप्पल घालून होत नाही, गमबूटही चिखलात रुततो. इथल्या शेतकऱ्याला तो सल्ला देऊन मोकळं होणं म्हणजे सल्ला न देणंच. मग करायचं काय? पायाला उघडी जखम असेल तर चिखलात अजिबात उतरायचं नाही, यावर तडजोड नाही. पाय बधिर असेल तर लावणीऐवजी बांधावरचं, मुठी पुरवण्याचं काम घ्यावं. उतरावंच लागलं तर बाहेर आल्या आल्या स्वच्छ पाण्याने पाय धुऊन नीट बघायचे. जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही शिरू शकतात. त्यामुळे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर 'शेतात काम केलं होतं' हे डॉक्टरांना न विचारता सांगायचं.

शेताबाहेर मात्र मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. अंगठ्याची स्लिपर बधिर पायातून निसटते आणि तरीही माणूस चालत राहतो. एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला मूळच्या कुष्ठरुग्णांसाठी वापरल्या जायच्या, कारण बधिर पायाचा प्रश्न दोन्हीकडे तोच.

जखम झालीच तर स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडी स्वच्छ पट्टी बांधा आणि त्या पायावर भार देऊ नका. हळद, चुना, तंबाखू, राख यातलं काही भरू नका. सूज, लाली, वास, काळा पडलेला भाग किंवा ताप यातलं एक जरी दिसलं, तरी त्याच दिवशी दवाखाना. 'बाजाराच्या दिवशी जाऊ' नाही.

इन्सुलिन: टोपीचा रंग बघा

इन्सुलिनच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक औषधात नाही, सिरिंजमध्ये होते. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा 'यू-४०' असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं इन्सुलिन आणि काही बाटल्या 'यू-१००' असतात. त्याची सिरिंज केशरी टोपीची.

अदलाबदल झाली तर? यू-४० इन्सुलिन केशरी टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट, यू-१०० इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर जातात ५० युनिट. अडीच पट. यात माणूस बेशुद्ध पडून दगावूही शकतो. म्हणून मेडिकलवाल्याने सिरिंज दिली की बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून जुळवा. दर वेळी.

दुधासारखं दिसणारं इन्सुलिन टोचण्याआधी तळहातांमध्ये हलकेच फिरवून एकसारखं करायचं. घुसळायचं नाही. जागा पोट (बेंबीपासून थोडं लांब), मांडी, कुल्हा किंवा दंडाची मागची बाजू. रोज त्याच ठिकाणी टोचलं की तिथे गाठ तयार होते. त्या गाठीत टोचलं तर दुखत नाही, म्हणून लोकांना तीच जागा आवडते, पण तिथून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. साखर उगाच वर-खाली होत असेल, तर सिस्टरने डोस बदलायची चर्चा करण्याआधी रुग्णाच्या पोटावरून हात फिरवून बघावा.

वापरलेली सुई कचऱ्यात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण लावा आणि आरोग्य केंद्रात द्या.

राहिला प्रश्न फ्रिजचा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत हवी, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. उघडलेली बाटली साधारण २५ ते ३० अंशांखाली चार आठवडे चालते. पण एप्रिल-मे महिन्यात कर्जतचा पारा चाळिशीला जातो, वाडीवर फ्रिज नसतो आणि असला तरी वीज नसते. अशा वेळी माठ कामाला येतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू घाला, त्यात छोटं मडकं बसवा, त्यात प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत बाटली ठेवा, वर ओलं फडकं टाका आणि हे सगळं सावलीत, हवेशीर जागी असू द्या. बाष्पीभवनाने आतलं तापमान काही अंशांनी उतरतं. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' आणि जिनिव्हा विद्यापीठाने केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतलं तापमान मोजून प्रयोग केला होता. २०२१ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात २५ ते ३७ अंशांच्या चढउतारातही इन्सुलिन चार आठवडे टिकलं.

साखर उतरली तर 'प्यालाय' म्हणू नका

साखर वाढली तर नुकसान व्हायला बहुधा वर्षं लागतात. उतरली तर मिनिटांत. ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक. आणखी खाली गेली की बोलणं अडखळतं, झोक जातो, माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो. बघणाऱ्याला वाटतं दारू प्यालाय. रात्री ओट्यावर असा झिंगलेला माणूस 'सकाळी उतरेल' म्हणून झोपवला जातो, आणि सकाळी उठत नाही. उपाशीपोटी दारू प्यायल्यानेही साखर उतरते, त्यामुळे तोंडाला वास आला तरी रुग्ण मधुमेहाचा असेल तर साखर तपासाच.

शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, गरज असेल तर पुन्हा द्या. बरं वाटलं की भाकरी किंवा भात खायला द्या. इथे एक अडचण: कर्जत-लोणावळ्याच्या पट्ट्यात बॅगेत चिक्की असतेच. पण चिक्कीतल्या शेंगदाण्याच्या तेलामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. कर्जत स्टेशनच्या वड्याचंही तेच. आधी साधी साखर, बाकी नंतर.

बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी साखर उतरली असेल तर शुद्धीवर आल्यावर घरी परत नेण्याची घाई करू नका. या गोळ्यांचा असर लांबतो आणि काही तासांनी साखर पुन्हा उतरते.

हे होतं कधी? वेळेवर जेवण न झालं की. पहाटेच्या कर्जत लोकलने मुंबईला जाणारे घरी इन्सुलिन टोचून निघतात, नाश्ता कामावर गेल्यावर. मध्ये दोन तासांचा प्रवास आणि गर्दी. खोपोलीतल्या कारखान्यांत पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते, इन्सुलिनची मात्र तीच राहते. लावणीच्या दिवसांत अंगमेहनत एकदम वाढते, डोस तेवढाच. उपवासाचंही तसंच, श्रावण असो की रमजान. तुमच्या कामाचे तास सिस्टरला सांगा. त्या विचारतीलच असं नाही, आणि डॉक्टर तर नाहीच.

'भात बंद' म्हणजे काय?

कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, 'कर्जत-३', 'कर्जत-७' ही वाणं तिथली. अशा ठिकाणी रुग्णाला 'भात बंद, भाकरी खा' म्हटलं की तो मान डोलावतो आणि घरी जाऊन तांदळाची भाकरी खातो. दोन्ही तांदूळच! आहाराचा सल्ला देताना 'कसली भाकरी?' हा प्रश्न विचारायलाच हवा. भात तोडण्यापेक्षा भाताचा ढीग लहान करून वाल, चवळी, डाळ, अंडी, मासे आणि रानभाज्यांचा वाटा वाढवणं जास्त दिवस टिकतं. नाचणीची भाकरी चांगली, पण तीही मोजूनच. उपवासाचा साबुदाणा साखर झपाट्याने वाढवतो.

बारीक माणसालाही?

हो. घाटावर, पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून जवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास चालवला आहे. भारतीय बाळं वजनाने लहान असतात, पण त्यांच्यात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त असतं, असं त्यातून दिसलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. २०२५ मध्ये तर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला 'टाइप ५' असा वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली.

याचा इथे अर्थ काय? आशाताईंच्या फॉर्ममध्ये कमरेचा घेर कमी आणि अंगमेहनत भरपूर असेल तर गुण कमी येतात. ठाकूर किंवा कातकरी वाडीतला पस्तिशीतला सडपातळ माणूस कागदावर 'धोका नाही' ठरू शकतो. नियमानुसार गुण कितीही आले तरी तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर तपासायचीच असते. फॉर्म भरून झाला म्हणजे तपासणी झाली, असं नाही.

दुसरी गोष्ट 'तीन महिन्यांची साखर' दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीची. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून हा आकडा खोटा कमी येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेच्या अ‍ॅनिमियात उलट वाढलेला दिसतो. आदिवासी वाड्यांवर हे दोन्ही सापडतात. आकडा आणि रुग्णाची अवस्था जुळत नसेल, तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघायला सांगा.

कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात, थेट उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत. वाडीवरच्या रजिस्टरमध्ये ती 'गैरहजर' होतात. जाण्याआधी जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या, आजाराचं नाव, गोळीचं नाव आणि शेवटची साखर लिहिलेलं कार्ड, आणि भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राचं नाव एवढं हातात दिलं तरी उपचार तुटत नाही. वाचता येत नसेल तर सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांवर सूर्य आणि चंद्र काढून द्यायचे.

थायरॉइड, गरोदरपण आणि स्टेरॉइड

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या-एक तासाने. गरोदर बाईला आशाताई लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्या या गोळीसोबत घेतल्या तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. मध्ये चार तास हवेत. डोस वाढत चाललाय आणि फरक पडत नाही, याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

गरोदरपणातला मधुमेह तपासायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर बघतात. पोट रिकामं असण्याची गरज नाही. १४० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत, आणि ती नॉर्मल आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. वाडीवरून चालत आलेल्या बाईला दोन तास बसवून ठेवायचं तर बसायला जागा आणि सोबत कुणीतरी हवं, हेही शुश्रूषेतच येतं.

सांधेदुखी, दमा किंवा 'ताकदी'साठी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहा. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. त्याने साखर वाढते, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात. आणि बरेच महिने घेऊन अचानक बंद केलं तर जास्त मोठा धोका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, मग उलट्या, गळून जाणं, बीपी कोसळणं. पुडी बंद करायचीच, पण डॉक्टरांना दाखवून, हळूहळू. दवाखान्यात जाताना पुडीचा कागद सोबत न्या, ओरडा बसला तरी चालेल.

शेवटी मुलांविषयी. सतत तहान, पुन्हा पुन्हा लघवी, अंथरूण ओलं करू लागणं आणि वजन उतरणं अशी लक्षणं लहान मुलात दिसली तर त्याच दिवशी साखर तपासा. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास आणि तोंडाला फळासारखा वास सुरू झाला असेल, तर टाइप १ मधुमेहात रक्त आंबट झाल्याची ती खूण आहे. तेव्हा उपकेंद्र उघडायची वाट बघायची नाही, १०८ बोलवायची. अशा मुलाचं इन्सुलिन 'आज काही खाल्लं नाही' म्हणून घरच्या घरी बंद करू नका.